जांभा, जस्त आणि शिंपला

बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात, अली बरीदशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, काळ्याभोर पाषाणात शिंपल्याचे चकाकते तुकडे बसवून जे नक्षीकाम केले गेले, त्याची वाखाणणी आजवर पुष्कळांनी केली आहे. निजामाच्या राज्यातील पुराणवस्तुखात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या बीदरविषयक ग्रंथातही त्या महालास मानाचे स्थान मिळाले आहे. परंतु ती नक्षी पाहून परतणाऱ्या प्रवाशाला सहसा कोणी हे सांगत नाही की, ज्या पदार्थाचे तुकडे त्या पाषाणात जडवले आहेत, त्याच पदार्थाच्या अंतर्रचनेचा उलगडा करण्यात आज जगातील नामांकित प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. शिंपल्याच्या आतला तो मोतिया थर वजनाने शेकडा 95 भाग खडूच्याच रासायनिक कुळातील एका ठिसूळ खनिजाचा असतो, आणि उरलेला अल्पसा भाग प्रथिनादी सेंद्रिय द्रव्यांचा. असे असूनही तो थर त्या खनिजापेक्षा हजारो पटींनी चिवट ठरतो, याचे कारण त्याच्या घटकांत नसून त्यांच्या मांडणीत आहे. मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या खनिजाच्या चकत्या, सांधे चुकवून, एकीवर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये सेंद्रिय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. त्यामुळे एका चकतीत पडलेली भेग सरळ आरपार जाऊ शकत नाही, प्रत्येक थरापाशी तिला वळावे लागते, आणि वळता वळता तिचे बळ खर्ची पडते.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी या मांडणीचे अनुकरण करण्यासाठी जो मार्ग शोधला, तोही निसर्गाकडूनच घेतलेला आहे. समुद्राचे पाणी गोठू लागले की बर्फाचे पापुद्रे शुद्ध राहतात आणि पाण्यातील मीठ व इतर द्रव्ये त्या पापुद्र्यांमधल्या फटींत लोटली जातात; हा क्रम ध्यानी घेऊन त्यांनी सिरॅमिकची बारीक भुकटी पाण्यात कालवून ते पाणी एका दिशेने गोठवले, बर्फ काढून टाकला, आणि थराथरांनी साचलेली भुकटी भाजून तिच्या पोकळ्यांत दुसरे द्रव्य भरले. 2006 साली या पद्धतीचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि 2008 साली त्याच गटाने ॲल्युमिना आणि एक सामान्य प्लॅस्टिक यांच्या संयोगातून असा पदार्थ सिद्ध केला की, त्याला मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा त्या दोन घटकांना मोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या 300 पट होती. भट्टीत ओतलेली किंवा यंत्राने दाबलेली सिरॅमिकची वस्तू धक्क्यासरशी फुटते, हे आजवर पदार्थविज्ञानाने जवळजवळ प्राक्तन मानले होते. त्या समजुतीला शिंपल्यातील एका मंद, थंड आणि संथ व्यवहाराने छेद दिला.

‘निसर्गप्रेरित अभिकल्प’ हा शब्दप्रयोग अलीकडे परिषदांतून आणि अनुदानांच्या अर्जांतून वारंवार येऊ लागला आहे. जॅनीन बेन्यस यांच्या 1997 च्या ग्रंथामुळे या विचाराला जगभर प्रसिद्धी मिळाली. आणि त्याची जी उदाहरणे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक झाली आहेत, त्यांत स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांची गोष्ट पहिली येते. 1941 साली रानातून फिरून आल्यावर आपल्या कुत्र्याच्या केसांत आणि कपड्यांत अडकलेली काटेरी बोंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली आणि त्या काट्यांच्या टोकांच्या आकड्यांवरून वेल्क्रोची पट्टी निर्माण केली. जपानच्या जलदगती आगगाडीचे नाकाड खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून घडवले गेले, हीही तशीच एक प्रसिद्ध हकिगत होय. बोगद्यातून वेगाने बाहेर पडताना हवेच्या दाबाचा जो स्फोटासारखा आवाज होई, त्याच्यावर पक्षिनिरीक्षणाची आवड असलेल्या एइजी नाकात्सु या अभियंत्याने हा उपाय शोधला आणि 1997 साली ती गाडी रुळांवर आली.

या उदाहरणांविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही त्यांच्या जोडीने आणखी एका इमारतीची हकिगत सांगितल्याशिवाय या विषयाला न्याय मिळत नाही, असे मला वाटते. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे 1996 साली मिक पिअर्स या वास्तुविशारदाने बांधलेली ईस्टगेट ही इमारत वाळवीच्या वारुळाच्या धर्तीवर वायुवीजन साधते आणि म्हणून तिला नेहमीच्या वातानुकूलनाची गरज भासत नाही, असे सांगितले जाते. आणि इमारत खरोखरच थंड राहते. मात्र पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी वारुळांचा प्रत्यक्ष अभ्यास करून 2008 साली दाखवून दिले की, वारूळ आपले तापमान जसे राखते असे समजले जात होते तसे ते राखतच नाही. वारा आणि वारुळाच्या भिंती यांचा परस्परव्यवहार फार वेगळा व अधिक गुंतागुंतीचा आहे. म्हणजे एका चुकीच्या समजुतीतून एक चांगली इमारत उभी राहिली! हे भाग्य प्रत्येक वेळी लाभेलच असे नाही. निसर्गाच्या आकाराची नक्कल एखाद्या चित्रावरूनही करता येते. त्याच्या वर्तनाचे अनुकरण करावयाचे तर त्याच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहून, एकच दगड, एकच माती आणि एकच झरा पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. बीदरच्या मुलखात हे दुसऱ्या प्रकारचे अनुकरण पाच-सहाशे वर्षांपूर्वी झाले, आणि त्याचे दोन पुरावे आजही हयात आहेत. ते पुरावे आपण पर्यटनखात्याच्या माहितीपत्रकात ठेवले आणि अभियांत्रिकीच्या वर्गातून बाहेर काढले, ही माझी तक्रार आहे.

अहमदशहा वली बहमनी याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) बीदरला आणली. हे शहर जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर वसलेले आहे. काळ्या अग्निजन्य खडकावर लक्षावधी वर्षांच्या उष्ण पावसाने संस्कार करावेत, त्यातील सहज विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जावीत आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांचा तांबूस, सच्छिद्र असा अवशेष राहावा, म्हणजे जांभा तयार होतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने सहज चौकोनी तासता येतो, आणि हवा लागली की कठीण होत जातो. बीदरच्या किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक याच खडकात कोरून काढलेला आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र थरात मुरते, खाली मातकट, अभेद्य थरापाशी थबकते, आणि पठाराच्या कडेला, जेथे हे दोन थर उघडे पडतात, तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नानक झिरा साहिबचे निर्मळ पाणी, नरसिंह झऱ्याच्या भुयारात भाविकांना छातीपर्यंत लागणारे पाणी, पापनाशची कुंडे, ही सारी या एकाच भूरचनेची अपत्ये आहेत. शिखांचे गुरुद्वार आणि वैष्णवांचे देवस्थान एकाच खडकाच्या कृपेवर उभे आहे, ही गोष्ट या सीमाप्रदेशातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी.

पहिला पुरावा कारेझींचा. बहमनी दरबारात इराणातून आलेल्या मंडळींचा मोठा भरणा होता आणि त्यांच्याबरोबर कारेझ बांधण्याची विद्याही आली. डोंगराच्या किंवा पठाराच्या उंच भागात भूजलापर्यंत पोचणारी एक मूळ विहीर खणावयाची, तिच्यापासून वस्तीपर्यंत जमिनीच्या पोटातून अत्यंत सौम्य उताराचा बोगदा न्यावयाचा आणि वाटेत ठरावीक अंतरावर माती काढण्यासाठी, हवा येण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी उभ्या विहिरी सोडावयाच्या, असे त्या विद्येचे स्थूल स्वरूप आहे. औरंगाबादची नहर-ए-अंबरी आणि बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा ही याच कुळातील मराठी वाचकाला परिचित नावे; परंतु बीदरच्या कारेझी त्यांच्याहून जुन्या आहेत. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा तीन कारेझींचा येथे मागोवा लागला आहे. नौबादच्या कारेझीची लांबी काही किलोमीटरांत मोजावी लागते, आणि तिचा माग केरळातील भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी गेल्या दशकाच्या आरंभी नव्याने लावला, तेव्हा असे दिसून आले की बांधणाऱ्यांनी बोगद्याची दिशा मन मानेल तशी घेतली नव्हती. खडकातील नैसर्गिक भेगांचा कल जेथून पाणी आपसूक गोळा करीत आणतो, त्या रेषेचा त्यांनी पाठपुरावा केला होता.

या बांधकामातील खरे चातुर्य उतारात आहे. उतार जास्त दिला तर पाण्याचा वेग वाढून बोगद्याचा तळ खरवडला जातो; कमी दिला तर गाळ साचतो. हातात दिवा आणि ओळंबा एवढीच साधने असताना, जमिनीखालच्या काळोखात, किलोमीटरच्या अंतरावर हा समतोल राखणे म्हणजे पाण्याच्या मनाप्रमाणे चालणे होय. बोगद्यातून वाहणाऱ्या पाण्याची उन्हाने वाफ होत नाही, ते उपसण्यास बैल लागत नाही की वीज लागत नाही. पण माझ्या मते कारेझीचा याहूनही मोठा गुण असा की, ती स्वभावतःच मर्यादशील आहे. बोअरवेलचा पंप भूजलाची पातळी कितीही खाली गेली तरी तिचा पाठलाग करीत पाताळात उतरतो. कारेझीचे तोंड मात्र एका ठरलेल्या उंचीवर असते, आणि पठारात जेवढे मुरले असेल त्याहून अधिक घेण्याची सोयच तिच्या रचनेत नाही. संयमाचा उपदेश न करता संयम बांधकामातच घालून ठेवणारी अशी दुसरी जलव्यवस्था मला ठाऊक नाही.

एप्रिल 2016 मध्ये आमच्या शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेस 10 टाक्यांतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले, आणि ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. लातूर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते. सीमेची रेषा माणसांच्या दफ्तरात ओढली गेली, पर्जन्यमानात नाही. भालकी, औराद आणि बसवकल्याण तालुक्यांतील मराठी शेतकरी त्या वर्षी तेच आकाश पाहत होता. त्या सुमारास बीदरच्या जिल्हा प्रशासनाने नौबादच्या कारेझीतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि 2020 च्या जागतिक स्मारकांच्या निरीक्षणयादीत दख्खनच्या पठारावरील प्राचीन जलव्यवस्थांना स्थान मिळाले, या दोन्ही गोष्टी मनाला उभारी देणाऱ्या आहेत. परंतु गाळ काढणे म्हणजे कारेझ जिवंत करणे नव्हे. ज्या माळावर पाऊस मुरायचा त्या माळाचे प्लॉट पडले आणि भोवती बोअरवेलांची गर्दी झाली, तर स्वच्छ बोगदा कोरडाच राहील. बोगदा हा कारेझीचा लहानसा भाग आहे आणि माळ हा मोठा, हे ध्यानात घेतले तरच पुढचे काम नीट होईल.

दुसरा पुरावा बिदरीचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवण्याच्या कलेचा. अब्दुल्ला बिन कैसर नावाचा एक इराणी कारागीर बहमनी दरबारात आला आणि त्याने ही कला येथे रुजवली, अशी परंपरागत समजूत आहे. तिचे मूळ काहीही असो, बिदरीचे शरीर ज्या धातूचे आहे तो जस्त त्या काळच्या जगात नवाच पदार्थ होता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. जस्त खनिजातून वेगळे करणे हे प्राचीन धातुविद्येपुढील अत्यंत अवघड कोडे होते, कारण जी उष्णता त्याला खनिजातून मोकळे करते त्या उष्णतेला ते वितळलेल्या रूपात राहत नाही, त्याची वाफ होते (जस्त 907 अंश सेल्सियसला उकळते), आणि ती वाफ हवेच्या संपर्कात येताच पुन्हा जळून भस्म होते. राजस्थानातील जावर येथील भट्टीवाल्यांनी हे कोडे बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान मोठ्या प्रमाणावर सोडवले. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून, वरून आच देऊन, वाफ खालच्या थंड पात्रात उतरवण्याची त्यांची युक्ती होती, आणि ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रीय ग्रंथात अशा वृंताकमूषेचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते 1738 साली. म्हणजे बीदरच्या कारागिराने आपल्या हाती घेतलेला धातू त्या युगातला अत्याधुनिक पदार्थ होता, आणि त्याने त्याचे काय करावे हे त्याला कोणत्याही जुन्या पोथीने सांगितलेले नव्हते.

बिदरीचे काम आजही बीदर शहरातील चौबारा या जुन्या मनोऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत चालते. माती, एरंडेल आणि राळ यांच्या साच्यात जस्त आणि तांबे यांचा रस ओततात. सुमारे 16 भाग जस्तास 1 भाग तांबे असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगतात. ओतीव वस्तू कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर मोरचुदाचे पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे तिच्यावर कलमाने आखलेली वेलबुट्टी स्पष्ट दिसते. मग छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हातोडीने ठोकून बसवतात, आणि पुन्हा घासून सारे सपाट करतात. या टप्प्याला वस्तू सरसकट करड्या-पांढऱ्या रंगाची असते. चांदी कोठे आणि जस्त कोठे हे ओळखता येत नाही. शेवटी ती तापवून किल्ल्यातील जुन्या जागांची माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने चोळली की, पाहता पाहता जस्ताचे अंग काळे कुळकुळीत होते आणि चांदीला मात्र ते मिश्रण स्पर्शही करीत नाही. ही माती उन्हापावसापासून वर्षानुवर्षे सुरक्षित राहिलेल्या कोपऱ्यांतली लागते, आणि जाणता कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या नक्षीविषयी पुष्कळ लिहिले. त्या जिभेच्या ज्ञानाविषयी फारच थोडे लिहिले गेले.

हा काळा रंग म्हणजे बाहेरून दिलेला लेप नाही. विसाव्या शतकात ब्रिटनमधील संशोधकांनी बिदरी वस्तूंचे रासायनिक परीक्षण केले, तेव्हा या काळेपणात मिश्रधातूतील अल्पशा तांब्याचा वाटा निर्णायक असल्याचे दिसून आले. नवसागर आणि माती यांच्या योगाने पृष्ठभागावरील जस्त विरघळून निघते, तांबे मागे राहते, आणि त्या तांब्याने समृद्ध झालेल्या पातळ थराच्या संयुगांना तो मखमली काळा रंग येतो. येथे मी एक गोष्ट सुचवू इच्छितो, जी मला बिदरीवरील कोणत्याही लेखनात आढळलेली नाही. जांभा ज्या पठारावर तयार झाला, तेथे निसर्गाने नेमके हेच केले होते: एका खडकातील विरघळणारा भाग पाण्याने काढून घेतला आणि न विरघळणारा भाग मागे ठेवला, त्या मागे राहिलेल्या लोखंडानेच या मुलखाला त्याचा तांबडा रंग दिला. पावसाने काळ्या पाषाणाचा तांबडा जांभा करण्यास युगे घेतली, आणि त्याच पठारावरील माती मुठीत घेऊन कारागिराने पांढऱ्या धातूचा काळा धातू काही क्षणांत केला. त्याने पावसाचे अनुकरण जाणूनबुजून केले, असे मी म्हणत नाही. परंतु एकाच भूमीने एक क्रिया मोठ्या अंगाने केली आणि तीच क्रिया तिच्या लेकरांनी लहान अंगाने केली, हे साम्य अभ्यासकांनी उडवून लावण्यासारखे नाही.

या क्रियेचे औद्योगिक मोल किती मोठे आहे हे समजण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मरे रेनी यांनी 1920 च्या दशकात निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू करून, दाहक क्षाराने त्यातील ॲल्युमिनियम विरघळवून टाकले आणि मागे उरलेल्या सच्छिद्र निकेलाचा उपयोग वनस्पती तेलाचे तूप करणाऱ्या कारखान्यांसाठी करून दाखवला. रेनी निकेल आजही रासायनिक उद्योगात वापरले जाते. सोने आणि चांदी यांच्या मिश्रधातूतून चांदी विरघळवून सूक्ष्म छिद्रांचे सोने मिळवण्यावर आजच्या संवेदक-उपकरणांच्या क्षेत्रात पुष्कळ संशोधन चालू आहे. निवडक विरघळवणीची ही विद्या आज प्रतिष्ठित विज्ञान मानली जाते. तिचा एक जिवंत, अखंड, शेकडो वर्षांचा प्रयोग बीदरच्या गल्लीत चालू आहे, आणि त्याला आपण हस्तकला एवढेच नाव देऊन थांबतो. 2006 साली बिदरीला भौगोलिक निर्देशन मिळाले, हे योग्यच झाले. पण त्या निर्देशनाच्या आधाराने नाव सुरक्षित होते, माती सुरक्षित होत नाही. किल्ला हे संरक्षित स्मारक असल्याने तेथील माती नेण्याबाबत बंधने असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ती माती कोठे आहे, तिच्यात कोणते क्षार किती आहेत, कोणत्या कोपऱ्यातून किती काढली तर पुरेल, याची रीतसर पाहणी पुरातत्त्व खाते आणि कारागीर यांनी एकत्र बसून करणे निकडीचे आहे.

कलबुर्गी जिल्ह्याकडे वळले तर निवडक विरघळवणीची हीच गोष्ट शेतातही दिसते. तेथील तूरडाळीला 2019 साली भौगोलिक निर्देशन मिळाले. पण तुरीच्या मुळांचे कौतुक त्याआधी शास्त्रज्ञांनी केले होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी 1990 साली दाखवून दिले की, तांबड्या जमिनीतील फॉस्फरस लोखंडाने जखडून ठेवलेला असल्यामुळे इतर पिकांना मिळत नाही, मात्र तुरीची मुळे पिसिडिक आम्ल स्रवून लोखंडाला बाजूला सारतात आणि फॉस्फरस मोकळा करतात; त्याचा लाभ नंतरच्या पिकालाही होतो. येथेही तीच निवडक विरघळवणी! आमचा शेतकरी तुरीनंतरचे रान चांगले असते असे पूर्वापार म्हणत आला. त्याने पाहिले होते, त्याला रसायनाचे नाव ठाऊक नव्हते. आणि त्याच तुराट्या या मुलखात कुडाच्या भिंतींसाठी आणि छपरांसाठी वापरल्या जात. हलक्या आणि फुकट मिळणाऱ्या त्या काड्यांपासून दाबलेले फलक किंवा उष्णतारोधक पटल होऊ शकतील का, हा प्रश्न कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत विचारला जावा, अशी माझी अपेक्षा आहे. आज सुगीनंतर त्यांचा मोठा भाग चुलीत जातो.

कोणी म्हणेल, की हे सारे राजेरजवाड्यांच्या वैभवाचे अवशेष आहेत. कारेझीने आजच्या लाखो वस्तीच्या शहराची तहान भागणार नाही आणि बिदरीच्या फुलदाणीने कोणाचा संसार सावरणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. बीदर शहराला कारेझींवर पूर्णतः विसंबणे शक्य नाही, आणि तसे सुचवणे म्हणजे नागरिकांशी प्रतारणा होईल. परंतु उपयोगाचा विचार केवळ गॅलनांत आणि रुपयांत करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. जो अभियंता नौबादच्या बोगद्यात उतरून उताराचे गणित हातांनी करील, त्याने पुढे आखलेली गटारे तुंबणार नाहीत. ज्या विद्यार्थिनीने बिदरीच्या काळेपणाचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, ती गंजाविषयी पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारील. आणि ही परंपरा केवळ दरबाराची नाही. बीदर जिल्ह्यातीलच कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साच्यातून धातूची मूर्ती ओतण्याची कृती पायरीपायरीने लिहून ठेवली आहे. राजाच्या नावाने निघालेल्या ग्रंथात ओताऱ्याचे ज्ञान आले, म्हणजे ओताऱ्याला कोणीतरी आदराने विचारले होते.

तो आदर आज कसा दाखवावा, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच अलीकडे घडले. विदर्भातील वणी-वरोरा महामार्गावर 2023 साली 200 मीटर लांबीचा अपघातरोधक कठडा पोलादाऐवजी बांबूचा बसवण्यात आला. बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया करून त्याला प्लॅस्टिकचे आवरण देण्यात आले, पिथमपूर येथे वाहनाच्या धडकेची आणि रुरकी येथे आगीची चाचणी झाली, आणि मगच तो रस्त्यावर आला. हे गवत धडक सोसताना वाकते, हे बुरूड समाजाला शतकांपासून ठाऊक होते; त्या जाणिवेला चाचणीची जोड मिळाली तेव्हा तिला सरकारदरबारी मान्यता मिळाली. बिदरी, जांभा, तुराट्या आणि कारेझ यांच्या वाट्याला ही जोडणी अजून आलेली नाही, आणि ती आणण्याची साधने मात्र आपल्या दोन जिल्ह्यांत उपलब्ध आहेत. कलबुर्गीचे पूज्य दोड्डप्पा अप्पा अभियांत्रिकी महाविद्यालय 1958 पासून चालू आहे. बीदरमध्ये गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भालकीत अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते, कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. या संस्थांतील शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी जगभरचे विषय निवडले जातात. त्यांतील काही विषय चौबाऱ्यापासून नौबादपर्यंतच्या टप्प्यातले असावेत, त्यांचा मार्गदर्शक एखादा बिदरी उस्ताद असावा, आणि त्या उस्तादाला पाहुणा व्याख्याता म्हणून मिळणारे मानधन प्राध्यापकाच्या बरोबरीचे असावे. भाषेचा अडसर येथे नाही. या गल्ल्यांत कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच बैठकीत बोलली जाते. अडसर फक्त अभ्यासक्रमाच्या मंडळाचा आहे.

बाकी गोष्टींना वेळ लागेल, तरतूद लागेल, समित्या लागतील. एक गोष्ट मात्र खर्चाची नाही. नौबादच्या कारेझीच्या प्रत्येक विहिरीची जागा, तिच्या भोवताली मोकळी ठेवावयाची हद्द, पाणी मुरणाऱ्या माळाची व्याप्ती आणि बोगद्याच्या माथ्यावरून जाणारे सर्वे नंबर महसूल खात्याच्या नकाशावर आणि संबंधित खातेदारांच्या पहाणी-उताऱ्यांत नोंदवले गेले, तर बिनशेतीच्या परवानगीचा पुढचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा तहसील कचेरीतल्या कारकुनालाही जमिनीखालचे ते पाणी कागदावर दिसेल. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या एका हुकुमाने हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू होऊ शकते.